खाड्याची भरपाई आणि मैदानावरची गर्दी



कामगार संघटनेच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, म्हणजे तो बोनस, महागाई भत्ता आणि गिरण्यांच्या जमिनी यांपलीकडे जाणार नाही, अशी श्रोत्यांची अटकळ असते. आज आम्ही एका खेळावर बोलणार आहोत. त्याचे नाव रग्बी लीग. हा खेळ आपल्याकडे खेळला जात नाही. आमची आणि त्याची ओळखही मैदानावर झाली नाही; इंग्लंडमधील मजुरांच्या चळवळीची पुस्तके चाळताना झाली. सहज म्हणून वाचू लागलो, आणि लक्षात आले की हा खेळ जन्मला तोच मुळी खाड्याच्या भांडणातून. तेव्हा आम्ही आमचा विषय सोडून फार दूर चाललो आहोत असे समजू नये.

प्रथम खेळ कोणता ते सांगितले पाहिजे. अंडाकृती चेंडू हातात धरून पळत सुटायचे, तो सोबत्याकडे द्यायचा तर हाताने मागेच द्यायचा, आणि प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवायचा, म्हणजे गुण. प्रतिपक्षाने त्याला धरून लोळवायचे. आपल्या कबड्डीतील पकड डोळ्यांसमोर आणली, तर अंगाला अंग भिडण्याची कल्पना येईल. या खेळाच्या दोन शाखा आहेत. पंधरा गड्यांची ती रग्बी युनियन, तेरा गड्यांची ती रग्बी लीग. मुंबईच्या जिमखान्यात खेळतात ती पंधरांची. कलकत्त्याच्या साहेबलोकांनी आपला क्लब मोडला तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडविला आणि १८७८ साली तो विलायतेला दिला. इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी अजून खेळतात. तोही पंधरांचाच. आपल्या देशाशी नाते जडले ते असे साहेबांच्या शाखेचे. यात नावाची एक गंमत आहे. जिच्या नावात युनियन ती शाखा सुखवस्तू मंडळींची, आणि कामगारांची शाखा ती लीग!

आता खाड्याची गोष्ट. लँकेशायर आणि यॉर्कशायर हे इंग्लंडच्या उत्तरेचे परगणे म्हणजे कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी. १८५० च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतील बायकांचे आणि कोवळ्या वयाच्या कामगारांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले, आणि हळूहळू शनिवारची अर्धी सुटी पुरुषांच्याही पदरात पडली. ही अर्धी सुटी नसती तर ना खेळाडू मिळते, ना प्रेक्षक. आपल्याकडेही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली, तेव्हाच त्याची भजने, तालमी आणि मैदाने यांना हक्काचा दिवस लाभला. फुरसत ही आधी मिळवावी लागते. तिची करमणूक मागाहून येते.

परंतु अर्धी सुटी पुरेशी नव्हती. सामना परगावी असला, तर खाणीतल्या गड्याला शनिवारची सकाळची पाळी बुडवावी लागे. पाळी बुडाली की खाडा, खाडा झाला की पगार कापला. वकिलाच्या किंवा जमीनदाराच्या मुलाला ही अडचण नव्हती. तो हौशी म्हणून मिरवू शकत होता, कारण त्याच्या हौसेचा खर्च घरची मिळकत भागवीत होती. यॉर्कशायरच्या मंडळींनी साधी मागणी केली : गड्याला खेळाचा पगार देऊ नका, निदान बुडालेल्या पाळीची भरपाई तरी करू द्या. २० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनच्या सभेत ही मागणी मतास पडली. बाजूने १३६ मते, विरुद्ध २८२. ठराव फेटाळला गेला.

त्याच महिन्याच्या ७ तारखेला यॉर्कशायरमध्ये फेदरस्टन या खाणीच्या गावी टाळेबंदीत सापडलेल्या कामगारांच्या जमावावर लष्कराने गोळी चालविली होती आणि दोन खाणकामगार मेले होते. सभेतील मतदानाचा आणि गोळीबाराचा थेट संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या उत्तरेतून खाड्याच्या भरपाईची मागणी आली, त्या उत्तरेत त्या महिन्यात हवा कशी होती, हे यावरून समजेल. फेदरस्टनचे नाव मात्र श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी वेगळी चूल मांडली. पहिल्या हंगामात २२ क्लब होते आणि खाड्याची भरपाई दिवसाला ६ शिलिंगांपर्यंत ठरली. १८९८ पासून उघडपणे पैसे घेऊन खेळण्यास मुभा मिळाली, पण अट अशी की गड्याला खेळाखेरीज दुसरा प्रामाणिक कामधंदा असलाच पाहिजे. खेळ हा पोटाचा धंदा होऊ नये, तो कामगाराच्या आयुष्याला जोडलेला राहावा, असा तो विचार. पुढे काही वर्षांनी ही अट काढून टाकावी लागली.

येथून गर्दीचा हिशेब सुरू होतो. भरपाई द्यायची तर पैसा कोठून आणायचा? फाटकावरच्या गल्ल्यातून. म्हणजे प्रेक्षक आला तरच गड्याचा खाडा भरून निघणार. सुखवस्तू मंडळींच्या रग्बीला प्रेक्षक नसले तरी चालत होते. यांचे प्रेक्षकावाचून एक आठवडाही भागत नव्हते. म्हणून यांनी खेळच बदलला. १८९७ मध्ये बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकून दोन्ही रांगांनी उड्या मारण्याचा प्रकार बंद केला. १९०६ मध्ये पंधरांचे तेरा केले. लोळवलेल्या गड्याने उठून चेंडू टाचेने मागे सरकवायचा आणि खेळ लगेच चालू करायचा, असा नियम केला. घोळक्यात चेंडू दिसेनासा होणे कमी झाले, धावण्याला जागा मिळाली, आणि शिलिंग मोजून उभ्या राहिलेल्या माणसाला काही पाहायला मिळू लागले. नियम कोणाच्या लहरीने बदलत नाहीत, त्यांच्यामागे पोटाचे गणित असते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

तरीही गल्ला सर्वांनाच पुरला नाही. पहिल्या हंगामाचे अजिंक्यपद मॅनिंगहॅम या ब्रॅडफर्डच्या क्लबाने मिळविले. याच मॅनिंगहॅमच्या गिरणीत १८९०-९१ मध्ये मोठा संप होऊन तो फसला होता आणि त्यानंतर १८९३ मध्ये ब्रॅडफर्डला स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना झाली होती. अशा वस्तीतला हा पहिला विजेता क्लब १९०३ मध्ये पैशाच्या ओढाताणीने रग्बी सोडून फुटबॉलकडे गेला. आजचा ब्रॅडफर्ड सिटी तो हाच. अजिंक्यपद मिळविणे आणि टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा अगदी प्रारंभीच मिळाला होता.

गर्दीचा कळस दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. १९४८-४९ च्या हंगामात इंग्लंडमधील सामन्यांना सुमारे ६८ लाख माणसे आली. युद्ध संपलेले, हाताला काम, खिशात थोडे पैसे, आणि खर्च करावा अशा वस्तू दुकानांत फारशा नाहीत. ५ मे १९५४ रोजी तर नवल घडले. चॅलेंज करंडकाचा हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन यांचा अंतिम सामना लंडनला ४-४ असा बरोबरीत सुटल्यामुळे तो ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर पुन्हा खेळविला गेला. ऑडसल म्हणजे एक मोठा खळगा. त्याच्या कडांवर शहराचा कचरा टाकून, भराव घालून उभे राहण्याच्या उतरणी केलेल्या. बुधवारची संध्याकाळ. अधिकृत मोजणी झाली १,०२,५६९. प्रत्यक्षात माणसे त्याहून पुष्कळ अधिक होती असे सगळेच सांगतात, कारण फाटकावर मोजणाऱ्याला दाद न देता आत शिरलेल्यांची नोंद कोण ठेवणार? आम्ही मोर्चे काढलेली माणसे आहोत. पोलिसांचा आकडा आणि आमचा आकडा यांत किती अंतर पडते हे आम्हांला चांगले माहीत आहे. वॉरिंग्टनने सामना ८-४ असा जिंकला.

त्यानंतर ओहोटी लागली. २७ मार्च १९५९ रोजी विगन आणि सेंट हेलन्स यांच्या साध्या साखळी सामन्याला ४७,७४७ माणसे आली, पण असे दिवस विरळ होत गेले. घरात दूरचित्रवाणी आली, दारात मोटार आली. मुख्य म्हणजे गिरण्या आणि खाणी बंद पडू लागल्या. शनिवारी पाळी सुटली की साऱ्या आळीने मिळून मैदानाकडे चालत जायचे, हा रिवाज कामाच्या भोंग्याला बांधलेला होता. भोंगा थांबला, तसा रिवाजही सैल झाला. आमच्या गिरणगावात काय झाले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक समजावण्याची गरज नाही.

घरची गर्दी ओसरली की बाहेर हातपाय पसरावेसे वाटतात. पण बाहेर जाण्याची खटपट त्याआधीपासूनची आहे आणि तिचे दोन प्रकार स्पष्ट दिसतात. एक, जेथे त्या देशातील माणसांनीच आपल्या गरजेने खेळ मागून घेतला. दुसरा, जेथे तो पैशाच्या जोरावर नेऊन ठेवला गेला.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलिया. १९०७ मध्ये सिडनीचा अलेक बर्डन नावाचा न्हावी खेळताना जायबंदी झाला. त्याचा औषधपाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी कोणी दिली नाही. त्याच सुमारास न्यूझीलंडचा आल्बर्ट बास्करव्हिल हा टपाल खात्यातील तरुण कारकून इंग्लंडला नेण्यासाठी एक संघ जमवीत होता. तो संघ वाटेत सिडनीला खेळला. त्या शहरात ८ ऑगस्ट १९०७ रोजी लीगची स्थापना झाली, आणि तिच्या कार्यकर्त्यांत आपल्या क्रिकेटप्रेमींना परिचित असलेला फलंदाज व्हिक्टर ट्रंपर होता. १९०८ मध्ये नऊ क्लबांनिशी स्पर्धा सुरू झाली. बास्करव्हिल त्याच वर्षी ब्रिस्बेनला न्यूमोनियाने वारला. वय अवघे पंचवीस. त्याने लावलेले झाड मात्र मूळ झाडाहून मोठे झाले. हडर्सफील्डची तक्रार आणि सिडनीची तक्रार एकच होती, म्हणून बी रुजले.

फ्रान्सचे उदाहरण धैर्याचे आहे. १९३४ मध्ये झाँ गालिया याने तेथे हा खेळ सुरू केला आणि दक्षिणेत तो झपाट्याने पसरला. जर्मनांपुढे शरणागती पत्करणाऱ्या विशी सरकारने १९४१ मध्ये फर्मान काढून त्याची संघटनाच मोडली, मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर खेळ पुन्हा उभा राहिला, पण त्याला रग्बी हे नाव लावण्याची कित्येक वर्षे बंदी होती. नुसता 'तेरांचा खेळ' म्हणावे लागे. असे असून १९५१ मध्ये फ्रेंच संघाने ऑस्ट्रेलियात जाऊन मालिका जिंकली आणि १९५४ मध्ये या खेळाचा पहिला विश्वचषक फ्रान्समध्येच भरला. ज्या संघटनेची तिजोरी लुटली जाते पण माणसे लुटली जात नाहीत, ती पुन्हा उभी राहते.

आता दुसरा प्रकार. १९९५ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या दूरचित्रवाणीने इंग्लंडच्या क्लबांपुढे ८ कोटी ७० लाख पौंड ठेवले. हिवाळ्याचा खेळ उन्हाळ्यात गेला, आणि सुपर लीग नावाने नवी घडी बसविण्याचे ठरले. छोट्या शेजारी क्लबांचे एकत्रीकरण करावे अशी सूचना आली. फेदरस्टन, कॅसलफर्ड आणि वेकफील्ड हे तीन मोडून एक करायचे! ज्या फेदरस्टनने १८९३ मध्ये गोळ्या खाल्ल्या, ज्याची खाण आधीच बंद पडली होती, त्याला सांगण्यात आले की आता तुमचा क्लबही शिल्लक उरणार नाही. गावकऱ्यांनी असा गहजब केला की ती सूचना बारगळली. क्लब राहिला, मात्र वरच्या वर्गात त्याला जागा मिळाली नाही. ती जागा पॅरिसला मिळाली. २९ मार्च १९९६ रोजी पॅरिसच्या नव्या संघाच्या पहिल्या सामन्याला १७,८७३ प्रेक्षक आले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. पण संघात पुढे ऑस्ट्रेलियाहून आणलेल्या गड्यांचाच भरणा झाला, शहराला त्यात आपले असे काही दिसेना, आणि १९९७ च्या हंगामानंतर संघ बंद झाला.

वीस वर्षांनी टोरांटोने तोच धडा महागात गिरविला. कॅनडातील हा क्लब २०१७ मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या वर्गात उतरला आणि अटलांटिक ओलांडून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांचा प्रवासखर्चही आपणच देऊ लागला. मैदान लहान, पण भरलेले. ५ ऑक्टोबर २०१९ च्या निर्णायक सामन्याला ९,९७४ माणसे आली, क्लब जिंकून सुपर लीगमध्ये चढला. २०२० मध्ये कोरोनाची साथ आली, मालकाचा हात आखडला, गड्यांचे पगार थकले आणि जुलैत क्लबाने हंगामातून अंग काढून घेतले. खाड्याच्या भरपाईसाठी जन्मलेल्या खेळात सव्वाशे वर्षांनी गडी पुन्हा बुडालेल्या पगाराचा हिशेब करीत बसले. टोरांटोचे प्रेक्षक खोटे नव्हते. पण गडी बहुतेक परदेशी, पैसा एका माणसाचा, आणि त्या एका माणसाने हात वर केल्यावर क्लब उचलून धरील अशी शहरात दुसरी कोणतीही यंत्रणा उभी राहिलेली नव्हती.

याउलट फ्रान्सच्या दक्षिणेतील पेर्पिन्याँ पाहा. तेथे १९३४ पासून हा खेळ चालू आहे. बाप खेळला, मुलगा खेळतो. तेथील कॅटलन संघाला २००६ मध्ये सुपर लीगमध्ये घेतले. २०१८ मध्ये त्याने चॅलेंज करंडक जिंकला आणि करंडक प्रथमच इंग्लंडबाहेर गेला. १८ मे २०१९ रोजी त्याचा सामना बार्सिलोनाच्या प्रख्यात फुटबॉल मैदानावर झाला, तेव्हा ३१,५५५ माणसे जमली. पॅरिस बुडाले आणि पेर्पिन्याँ तगले, याचे कारण पेर्पिन्याँला खेळ न्यावा लागला नाही. तो तेथे होताच.

अर्थात पैशाने कधीच काही उभे राहत नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मेलबर्न हे दुसऱ्याच एका फुटबॉलचे वेड असलेले शहर. तेथे १९९८ मध्ये वृत्तपत्र कंपनीच्या पैशाने क्लब काढला. २६ सप्टेंबर १९९९ रोजी सिडनीच्या अंतिम सामन्यात तो जिंकला. प्रेक्षक १,०७,९९९, ऑडसलच्या अधिकृत आकड्याहूनही अधिक. मालकाने वर्षानुवर्षे पैसा आणि धीर दोन्ही ठेवले, म्हणून तो क्लब रुजला. पैशाला धीर असतो तेव्हा तो खतासारखा उपयोगी पडतो. धीर नसला की त्याने फक्त मांडव उभा राहतो.

पण त्याच १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये दुसरी गोष्ट घडली. संघांची संख्या कमी करायची म्हणून १९०८ चा पहिला विजेता क्लब, साऊथ सिडनी, स्पर्धेतून काढून टाकला गेला. हा कामगार वस्तीचा क्लब. लोकांनी निधी गोळा केला, कोर्टात गेले, आणि नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या रस्त्यावर सुमारे ८०,००० माणसांचा मोर्चा निघाला. त्या दिवशी तिकीट नव्हते, सामना नव्हता, चेंडूही नव्हता. २००१ मध्ये अपिलात निकाल बाजूने लागला, २००२ मध्ये क्लब परत आला आणि २०१४ मध्ये त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा विजेता झाला. आमच्या मते या खेळाच्या इतिहासातील गर्दीचा सर्वांत बोलका आकडा हा आहे, आणि तो कोणत्याही फाटकावर मोजला गेलेला नाही.

आज विस्ताराची घोडदौड पुन्हा चालू आहे. २ मार्च २०२४ रोजी ऑस्ट्रेलियातील संघ अमेरिकेत लास व्हेगासला जाऊन खेळले. ४०,७४६ प्रेक्षक आले, त्यांत विमानाने आलेले ऑस्ट्रेलियन पुष्कळ. त्याला जत्रा म्हणावे; जत्रेत वाईट काही नाही, पण जत्रेला गाव समजू नये. पापुआ न्यू गिनीची गोष्ट निराळी. तेथे रग्बी लीग हा राष्ट्रीय खेळ आहे आणि खेडोपाडी पोरे तो खेळतात. २०२८ पासून तेथील संघाला ऑस्ट्रेलियाच्या मुख्य स्पर्धेत घेण्याचे ठरले असून ऑस्ट्रेलियाचे सरकार दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देणार आहे. यामागे प्रशांत महासागरातील चीनच्या हालचालींची धास्ती आहे, हे उघड गुपित आहे. म्हणजे येथे माणसे आधीपासून आहेत आणि पैसा राजकारणाचा आहे. तो किती दिवस धीर धरतो, यावर पुढचे ठरेल.

जुन्या गावांनी विस्ताराला नुसता विरोध करीत बसावे, असे आम्ही म्हणणार नाही. खाणी गेल्या, तरुण शहरांकडे गेले; त्याच पंधरा-वीस गावांत आपापसांत खेळत राहिल्याने खेळ जगणार नाही. नवी ठिकाणे हवीत. पण नव्या ठिकाणाची किंमत म्हणून जुन्या गावाचा बळी मागितला जातो, तेव्हा हिशेब विचारण्याचा गावाला हक्क आहे.

संघटनेच्या कामात आम्ही एक गोष्ट शिकलो. मैदानावरच्या सभेला दहा हजार आले, म्हणून दुसऱ्या दिवशी दहा हजार सभासद होत नाहीत. वर्गणीची पावती फाडणारे किती, खात्याखात्यांतून उभे राहणारे प्रतिनिधी किती, आणि पुढारी तुरुंगात गेला तर कचेरीचे कुलूप उघडणारा कोण, हे पाहावे लागते. खेळाच्या क्लबालाही हेच माप लावावे. पहिल्या सामन्याला किती आले, हे विचारून भागणार नाही. मालक उद्या निघून गेला, तर क्लबाची किल्ली कोण हाती घेईल? पॅरिस आणि टोरांटो यांच्याजवळ याचे उत्तर नव्हते. साऊथ सिडनीजवळ होते, पेर्पिन्याँजवळ आहे, आणि १८९५ साली हडर्सफील्डच्या त्या हॉटेलात जमलेल्या मंडळींजवळही होते. सहा शिलिंगांचा तो हक्क त्यांनी आपल्या गड्यांसाठी मिळविला, आणि तो फाटकावर आणून भरला त्यांच्याच शेजाऱ्यांनी.